घोषांची गंगा, बोसांची गंगा

वाईच्या आमच्या घरात देव्हाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात तांब्याचा एक गडू असायचा. मोठ्या संत्र्याएवढा, तोंडाला डाख दिलेला. पणजीने काशीहून आणलेला. मावंद्याच्या दिवशी बाकीचे गडू उघडले, पाणी आळीत वाटलं गेलं, हा एक तेवढा राखून ठेवला. "कोणाच्या तरी वेळेला लागेल," असं म्हणत. कसली वेळ, ते कोणी फोड करून सांगत नसे. आम्ही पोरं तो कानाशी धरून हलवायचो. आत पाणी डुचमळायचं आणि आजी ओरडायची, "गंगा आहे ती, खुळखुळा नव्हे."

दारात कृष्णा वाहत होती. वाईत तिला कोणी नुसतं नदी म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणतात, उत्सव करतात, पुरात पायऱ्या चढून आली तर ओटी भरतात. पण शेवटचं पाणी मात्र दीड हजार किलोमीटरवरून आणून डाख देऊन ठेवलेलं. लहानपणी मला यात काही खटकलं नाही. घरच्या माणसाचं कौतुक वेगळं, पाहुण्याचा मान वेगळा, एवढंच.

१९९६ साली माझी बदली कलकत्त्याला झाली. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. आई एकटी खूश. "गंगेच्या काठी चाललीस," ती म्हणाली. त्या गडूकडे बघूनच म्हणाली असावी.

बँकेतल्या एका वयस्क सहकाऱ्याला मी विचारलं, गंगेवर जायचंय, हावडा पुलापाशी जाऊ का? ते हसले. "ती नदी बघायला ठीक आहे. पण गंगा हवी असेल तर कालीघाटला जा. आदिगंगा." मला वाटलं, नावातच आदि आहे, म्हणजे केवढी असेल! रविवारी गेले. पेढ्यांची दुकानं, जास्वंदीच्या माळा, पंडे, बोकडांचा उग्र वास, हे सगळं ओलांडून मागच्या गल्लीने घाटाच्या पायऱ्यांशी आले. आधी वास आला. मग पायऱ्या दिसल्या, आणि त्यांच्या तळाशी डांबरासारखं काहीतरी, त्यावर मळकट साय. पलीकडचा काठ इतका जवळ की तिथल्या बाईने तव्यावर टाकलेल्या माशाचं चुरचुरणं ऐकू येत होतं. ओहोटी होती. पाण्याच्या कडेला काळा चिखल उघडा पडला होता. त्यात मूर्तींचे बांबूचे सांगाडे, नारळ, एक चप्पल.

एक म्हातारा गृहस्थ हातात पितळी लोटा घेऊन उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला, ते पाणी तीनदा डोक्यावर घेतलं आणि डोळे मिटले. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने नाकाला हात लावला नाही. तोंडही वाकडं केलं नाही. वर येताना माझ्या हातातली रिकामी बाटली बघून म्हणाला, "भरायची असेल तर भरतीला या, दीदी. आत्ता घाण आहे."

मी बाटली न भरता परतले. आईला फोनवर सांगितलं, गर्दी होती.

मग पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मी या पाण्याच्या अवतीभोवती राहिले. कधी त्याच्यावरून गेले, कधी त्याला चुकवून. दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ते जवळच निघालं. शहराच्या दक्षिणेला राहणाऱ्याला ते टाळताच येत नाही.

एके काळी हीच गंगा होती. उपनदी नव्हे, फाटा नव्हे, खुद्द गंगा. उत्तरेत, हुगळीच्या, म्हणजे हावडा पुलाखालच्या त्या नदीच्या, वरच्या अंगाला त्रिवेणी नावाचं गाव आहे. प्रयागला तीन नद्या एकत्र येतात म्हणून ती युक्तवेणी, आणि इथे तीन सुटतात म्हणून मुक्तवेणी. सरस्वती नैर्ऋत्येला गेली, जमुना आग्नेयेला, आणि मधली भागीरथी सरळ दक्षिणेला आली. आजच्या कलकत्त्याच्या जागेवरून, कालीघाटावरून, गडियावरून, बोडाल, राजपूर, बारुईपूर, जयनगर असं करत सागरापर्यंत. विप्रदास पिपिलाई नावाच्या कवीने १४९५ साली मनसाविजय रचलं. त्यातला चाँद सौदागर आपली गलबतं घेऊन याच वाटेने समुद्रावर जातो, आणि वाटेत कालीघाट, बारुईपूर लागतात. त्याच्या पंधरा वर्षांनी, १५१० मध्ये, चैतन्य महाप्रभू संन्यास घेऊन पुरीला निघाले तेही याच काठाने. बारुईपूरजवळ आटिसाऱ्याला मुक्काम केला आणि छत्रभोगला पोचले, असं चैतन्यभागवतात आलं आहे. बारुईपूरच्या स्मशानाला अजून कीर्तनखोला म्हणतात. गंगासागरला जाणारे यात्रेकरू नावांतून इथूनच जात.

आणि मग नदी हलली. बंगालात नद्या हलतातच. आपल्याकडे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात नदीने एकदा खोबण केली की ती तिथेच. कृष्णा वाईहून उठून मेणवलीला घाट सोडून गेली, असं होत नाही. इथे सगळा गाळ. नदी कुशीवर वळते आणि एक बंदर झोपेतच मरतं. वरून गंगेचं बरंचसं पाणी पूर्वेला पद्मेकडे गेलं. सरस्वती आटली, तिच्यावरचं सातगाव बंदर बुडीत गेलं. आणि भागीरथीने खिदिरपूरपाशी दक्षिणेची सवय सोडून पश्चिमेला मान वळवली, साँकराइलला सरस्वतीच्या जुन्या पात्रात शिरली. या खिदिरपूर ते साँकराइलच्या तुकड्याला लोक काटिगंगा म्हणतात. कापलेली, खणलेली गंगा. अलीवर्दी खानाच्या अमदानीत डचांच्या जहाजांच्या सोयीसाठी तो खणला असं सांगतात. दुसरे म्हणतात, कोणी खणलं नाही, नदी आपणच तिकडे झुकत होती. लोकांनी मात्र निकाल देऊन टाकला. काटिगंगेत जहाजं चालतील, पुण्य चालणार नाही. तिथे अस्थी सोडू नयेत. ती रुंद, गढूळ, देखणी नदी, जिच्या काठी बोटॅनिकल गार्डन आहे, ती कर्मठ माणसाच्या लेखी एक कालवा. आणि कालीघाटामागचं ते डांबर ही गंगा.

मला हे आधी हास्यास्पद वाटायचं. आता वाटत नाही. पाणी कुठून कुठे जातं हे अभियंत्याला विचारावं. पाणी कोण आहे, हे काठावरच्या माणसाला.

त्या सुकत चाललेल्या पात्रात १७७५ साली मेजर विल्यम टॉली उतरला. त्याच्याबद्दल माझं मत बरंच बदलत आलं आहे. आधी तो मला खलनायक वाटायचा, कारण 'टॉलीज नाला' हे नाव. आमचाच शब्द, नाला, इंग्रजी तोंडातून जाऊन परत आला आणि गंगेच्या कपाळी बसला. पण सनावळ्या बघितल्या की जाणवतं, तो आला तेव्हा ती अर्धमेलीच होती. तिची नावंही उतरंडीला लागली होती. गोविंदपूरची खाडी म्हणत, मग जॉन सरमन या कंपनीच्या माणसावरून सरमनचा नाला म्हणत. हा सरमन म्हणजे फर्रुखसियर बादशहाकडून १७१७ साली व्यापाराचं फर्मान मिळवून आणणारा. टॉलीने स्वतःचे पैसे घालून हेस्टिंग्ज या भागापासून गडियापर्यंतचा गाळ उपसला. गडियाहून पुढे तिला दक्षिणेला न नेता पूर्वेला वळवलं आणि शामुकपोत्याला विद्याधरी नदीत नेऊन सोडलं. सुमारे १७ मैल. १७७७ मध्ये नावा चालू झाल्या. बदल्यात कंपनीने त्याला नावांवर जकात घेण्याचा आणि काठावर गंज, म्हणजे बाजार, वसवण्याचा हक्क दिला. तोच टॉलीगंज. आज तिथे बंगाली सिनेमाचे स्टुडिओ आहेत. टॉलीवूड हे नावही मुळात इथलं, हैदराबादचं नंतरचं.

टॉलीला पैसा बरा मिळाला असावा. १७८० साली त्याने खुद्द वॉरन हेस्टिंग्जकडून अलीपूरचा बेल्व्हेडियर वाडा विकत घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या वाड्याजवळ हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांनी पिस्तुलांनी द्वंद्व केलं, फ्रान्सिसला गोळी लागली आणि तो वाचला. साम्राज्याचे दोन कारभारी सकाळी उठून एकमेकांवर गोळ्या झाडतात, आणि थोड्या अंतरावरून टॉलीच्या नाल्यातून सुंदरबनचं लाकूड, मध, पूर्व बंगालचा तांदूळ भरतीवर चढत येतो. हे चित्र मला फार आवडतं. त्या नावाड्यांना त्या गोळीचं काय!

टॉलीने तिला वाचवलं, हे कबूल केलं पाहिजे. त्याच्या फावड्याशिवाय कालीघाटाला तेवढंही पाणी उरलं नसतं. पण वाचवताना त्याने तिची वाट बदलली. सासरी नांदणारी बाई आजारी पडली, औषधपाणी केलं, बरी झाली, आणि मग भलत्याच घरी नेऊन सोडली. गडियाच्या खाली जी उरली, तिच्याकडे पुन्हा कोणाचं फावडं गेलं नाही.

इथे एक आमच्या घरची गोष्ट सांगायला हवी. बँकेत मला पहिल्याच आठवड्यात 'बर्गी' हे नाव मिळालं. प्रेमानेच. पण बंगाली आई आजही पोराला झोपवताना ज्या अंगाईत बर्ग्यांची भीती घालते, ते बर्गी म्हणजे आपण. आपला बारगीर, ज्याला सरकारातून घोडा मिळायचा तो शिपाई. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली १७४२ साली बंगालात शिरल्या आणि पुढे जवळजवळ दहा वर्षं येत राहिल्या. शेतं जाळली, गावं लुटली. शाळेच्या पुस्तकात आम्हाला हे चौथाईची वसुली म्हणून शिकवलं होतं. एका अंगाईत ते मला पहिल्यांदा नीट कळलं. कलकत्त्याच्या लोकांनी धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत, तीन मैल झाला. मराठे शहरात आलेच नाहीत. खंदक अर्धा राहिला, त्यात कचरा पडत गेला, आणि १७९९ मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधायला घेतला.

मराठा डिच. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा बसने गेले आहे. आमच्या भीतीने खणलेला खंदक रस्ता झाला. आणि पलीकडे, ज्या शहराने खंदकाचा रस्ता केला त्यानेच नदीचा नाला केला, आणि पुढे नाल्याचाही रस्ता केला. तो लोखंडी निघाला, एवढाच फरक.

पण त्याला अजून दोनशे वर्षं होती. ती लवकर सांगून टाकते, कारण ती हळूहळू मरण्याची वर्षं आहेत आणि त्यांत घडतं कमी. विद्याधरी कलकत्त्याचं सांडपाणी पोटात घेता घेता गाळाने भरली. १९२८ साली सरकारने ती नदी मृत असल्याचं जाहीर केलं. टॉलीने जिच्यात नेऊन सोडलं तीच गेली, तेव्हा आदिगंगेचं एक तोंड बंद झालं. आता हुगळीची भरती दिवसातून दोनदा आत येते, शहराची घाण वर ढकलते आणि ओहोटीला त्यातली थोडी परत नेते. बाकी गाळात बसते. १९४७ नंतर पूर्व बंगालमधून माणसं आली, लाखांनी आली, आणि रिकामी जागा दिसेल तिथे बांबू रोवले. नेताजीनगर, आझादगढ, विजयगढ. नदीकाठची माणसं होती ती. पद्मेच्या, मेघनेच्या काठची. नदी हरवून आलेली माणसं एका हरवत चाललेल्या नदीच्या काठी बसली. त्यांच्यामागून आणखी गरीब आले आणि आणखी खाली, पाण्याशी बसले.

१९९८ मध्ये उच्च न्यायालयाने काठ मोकळे करायला सांगितलं, तेव्हा हेस्टिंग्ज ते गडिया या साडेपंधरा किलोमीटरमध्ये ७,८५१ बेकायदा बांधकामं मोजली गेली. ४० हजारांवर माणसं, ९० देवळं, ६९ गोदामं, १२ गोठे. गोठे बारा, हे कोणीतरी शिस्तीने लिहिलंय याचं मला कौतुक वाटतं. २००१ च्या सप्टेंबरात बुलडोझर आले. माझ्याकडे काम करणारी बाई त्या दिवशी आली नाही; तिसऱ्या दिवशी आली ती कपाळाला पट्टी बांधून, आणि आल्या आल्या भांडी घासायला बसली. घर कुठे गेलं विचारलं, तर म्हणाली, "जिथे होतं तिथेच आहे, दीदी. फक्त उभं नाही."

नदी मोकळी करायची म्हणून माणसं उठवली, असं मला वाटलं होतं. बऱ्याच जणांना वाटलं होतं. आणि मग त्या मोकळ्या केलेल्या पात्रात खांब उभे राहिले.

टॉलीगंज ते गडिया मेट्रो वाढवायची होती. जमीन घ्यायची तर पैसे पडतात, घरं पाडावी लागतात, लोक भांडतात. नदी भांडत नाही. तेव्हा मेट्रो नदीवरून न्यायचं ठरलं. नदी ओलांडून नव्हे, नदीच्या लांबीने, तिच्याच पात्रातून. सुमारे ३०० खांब. पर्यावरणवाल्यांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, काम थांबलं नाही. २२ ऑगस्ट २००९ ला गाडी गडियापर्यंत गेली. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढून बसले. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला होता. जिथे ऑटो आणि बस बदलत पाऊण तास जायचा, तिथे दहा-बारा मिनिटांत पोचले. वारा गार होता. शेजारच्या बाईने पोराला खिडकीशी उभं केलं होतं.

स्थानकांची नावं फार सुंदर ठेवली आहेत. टॉलीगंजचं महानायक उत्तमकुमार. मग नेताजी. मास्टरदा सूर्य सेन. गीतांजली. कवी नजरुल. ध्वनिक्षेपकावर ती एकेक करून उच्चारली जातात, बंगालीत, हिंदीत, इंग्रजीत. आणि फलाटांच्या खाली काँक्रीटच्या सावलीत एक काळी रेघ, दोन खांबांत कचऱ्याचा तराफा अडकलेला. त्या सावलीत पाण्याला ऊन लागत नाही. खांबापाशी प्रवाह अडतो, अडला की गाळ टाकतो, गाळ बसला की पात्र वर येतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर जवळपास शून्य. मासा कसा राहणार? गीतांजली स्थानकावर उतरताना मी दर वेळी पुलाच्या कठड्यावरून वाकून बघते. दर वेळी कोणीतरी हटकतं, "काही पडलं का, दीदी?"

आता साडेसहाशे कोटींची योजना आहे. नमामि गंगेच्या खात्यातून, तीन सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची. होईलही काही. मी बँकेत आयुष्य काढलेली बाई, मंजूर रक्कम आणि पोचलेलं पाणी यांतला फरक जाणते.

एक शंका मात्र मला सोडत नाही. १९३० च्या सुमारास विल्यम विलकॉक्स नावाच्या म्हाताऱ्या इंग्रज अभियंत्याची कलकत्ता विद्यापीठातली व्याख्यानं छापून आली. हा साधा माणूस नव्हे. नाईलवरच्या आस्वानच्या जुन्या धरणाचा आराखडा याचा. त्याचं म्हणणं असं, की बंगालच्या या दक्षिणवाहिनी नद्या, खुद्द भागीरथीसुद्धा, मुळात माणसांनी खणलेले कालवे आहेत. प्राचीन राजांनी पुराचं गाळभरलं लाल पाणी शेतांवर नेण्यासाठी ते खणले, आणि भगीरथाची कथा ही एका थोर अभियंत्याची आठवण आहे. पुष्कळांनी हे मानलं नाही. पण मी वाचलं तेव्हा ताडकन उठून बसले. म्हणजे जिला आदि म्हणतात, तीही कोणाच्यातरी फावड्याची लेक? मग काटिगंगा आणि आदिगंगा यांत उरलं काय? एकीचा खणणारा आठवतो आणि दुसरीचा पुराण झाला, एवढंच?

आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. शोधू नये याचा अर्थ, शोधलं तर माणूसच सापडेल, असाही असेल.

आणि हुगळी तरी आज कुठे आपल्या पायावर उभी आहे? १९७५ पासून फराक्क्याच्या बंधाऱ्यावरून ३८ किलोमीटरच्या कालव्याने तिला पाणी पाजतात, कलकत्ता बंदरातला गाळ धुवून जावा म्हणून. हिशेब ४० हजार क्युसेक्सचा. कपिल भट्टाचार्य नावाच्या बंगाली अभियंत्याने आधीच बजावलं होतं की याने भागणार नाही; त्यांना लोकांनी देशद्रोही ठरवलं. गाळ आहे तिथे आहे. मोठी बहीण नळीवर, धाकटी काँक्रीटखाली.

२०१९ च्या श्रावणात आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्याला भाऊ मला देवघरात घेऊन गेला आणि गडू हातात दिला. तोंडाचा डाख करवतीने कापला होता. "तुला सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "आईला घरघर लागली तेव्हा उघडला. आत काही नव्हतं." बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक होतं. किती वर्षांपासून, देव जाणे. आत तांब्याच्या पोटात पांढरी कडी तेवढी उमटली होती, आटत्या विहिरीत दिसते तशी.

"मग?"

"मग काय. तिच्या ओठांवर उपडा केला. ती गिळल्यासारखं करून हसली. काकू म्हणाल्या, गंगा पोचली." मग थोड्या वेळाने म्हणाला, "नंतर मी नदीवरून पाणी आणून घातलं. पण तोवर तिला कळत नव्हतं."

त्याच वर्षी, पौष महिन्यात, मी पहिल्यांदा गडियाच्या खाली गेले. इतकी वर्षं का गेले नव्हते? तिकडे नदीच नाही, मग बघायचं काय, असं वाटायचं. बँकेतल्या त्या वयस्क सहकाऱ्यांनीच, आता ते ऐंशीच्या पुढचे, टोकलं होतं. "तिकडे मजा नदी आहे." बंगालीत पिकून गळायला आलेल्या केळ्यालाही मजा म्हणतात आणि गाळाने भरलेल्या नदीलाही. उच्चार 'मॉजा'. आणि गंमतीलाही तोच शब्द. माझ्या मराठी कानाला तो पंचवीस वर्षांत सरावला नाही.

सियालदाहून दक्षिणेची लोकल. बारुईपूरच्या फलाटावर पेरूच्या टोपल्या, जयनगरच्या मोवा मिठाईची खोकी. नव्या खजुरी गुळाचा वास डब्यात शिरून बसला. उतरून सायकल रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, आदिगंगा बघायचीय. त्याने विचारलं, "कोणाची?"

मला कळेना. "घोषांची की बोसांची?" तो म्हणाला. "करांची पण आहे, पण ती लांब पडेल."

नदी आटली, पण एकदम सगळी नाही. खोल डोह राहिले. डोहांची तळी झाली, तळ्यांना मालक लागले. जमिनीच्या कागदांवर ती पुष्करणी असतील, पण बोलण्यात तळं नाही म्हणत कोणी. घोषेर गंगा. बोसेर गंगा. एकापुढे एक, मध्ये भातखाचरं, मध्ये वस्ती, मध्ये एखादी शाळा. पण नकाशावर उंचावरून बघितलं तर ती ओळीत दिसतात, तुटलेल्या माळेतले मणी जमिनीवर पडल्या पडल्या जसे राहतात तसे.

घोषांच्या गंगेला विटांचा घाट होता. पाणी हिरवं, स्थिर, कडेला शेवाळाची झालर. पलीकडे काठावर एक चिता पेटून गेलेली. दोन माणसं मडक्याने पाणी ओतत होती, मग त्यांनी हातातलं काहीतरी पानावर ठेवून पाण्यात सोडलं. ते वाहून गेलं नाही. जागच्या जागी थोडं गोल फिरलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी पाठ फिरवली, मागे न बघता निघून गेले, तसा रिवाजच आहे.

घाटाच्या खालच्या पायरीवर एक विधवा म्हातारी तांदूळ धूत होती. पांढरी साडी, हातात बांगडी नाही. बोळक्या तोंडाने बोलत होती, माझ्याशी की तांदळाशी ते आधी कळलं नाही. तिचं म्हणणं, यंदा घोषबाबूंनी गंगा ठेक्याने दिली. रुई-कातला सोडलेत. ठेकेदार सणाला डुबकी मारू देतो, पण साबण लावलेला चालत नाही त्याला, मासे मरतात. "गंगेत मासे मरतात म्हणतो. ऐका!" तिने तांदळाचं पाणी हाताआड गाळलं. तिचा नवरा इथेच गेला, सासूही इथेच. सागर इथून किती दूर आहे, मी विचारलं. ती गेलेली नव्हती. "कशाला? ती इथूनच तर जाते ना तिकडे," म्हणाली. तिच्या हनुवटीने दाखवलेल्या दिशेला एक वीटभट्टी होती.

मी पिशवीतून बाटली काढली. प्लॅस्टिकची, बिसलेरीची, गाडीत प्यायलेली. वाकून भरू लागले तर कडेचं शेवाळ आत येऊ लागलं. म्हातारीने ती माझ्या हातातून ओढून घेतली. कोपरापर्यंत हात खाली घातला, बाटलीचं तोंड आधी उपडं धरून खोल नेलं आणि तिथे उलटं केलं. बुडबुडे वर आले, एकामागून एक, बराच वेळ. वर काढली तेव्हा पाणी नितळ होतं. तिने ती पदराने पुसली.

"किती लांब न्यायचीय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, लांब. दोन दिवसांची गाडी.

"मग झाकण नीट लाव," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळाकडे वळली.